धम्मदीपाची भट्टी

भरे नावाच्या गावात दिवा जरा मिणमिणला की आनंदा ओव्हाळ ऐटीत म्हणायचा, "पेटवली आमच्या धम्मदीपानं भट्टी!"

धम्मदीपा त्याची लेक, पिरंगुटजवळच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे विजेच्या झोतात गॅस फोडून कार्बनची काळी पूड काढतात. केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्यांची, आणि तीही टनावारी. बॅटऱ्यांत घालायला ती पूड परदेशी जाते. आनंदाला त्यातलं एकच पक्कं कळलं होतं. "सूर्यापरीस गरम भट्टी! आन् बटन कुनाच्या हातात? माज्या पोरीच्या!"

शनिवारी सबंध गावची लाईट गेली. मिणमिणली नाही, गेलीच. दुपारपर्यंत टाकी कोरडी, मोबाईल बंद, आणि गंगूबाईच्या घरच्या लग्नाचं दळण गिरणीत अर्धवट अडकलेलं. गुन्हेगार शोधायची गरजच नव्हती. गिरणीवाले हैबतराव गाव घेऊन आनंदाच्या दारात हजर.

"आनंदा, पोरीला भट्टी इजवाय सांग!"

"आसं कसं? जगाला माल जातुया त्यो!"

"मग माजं पीठ जगानं दळून द्यायचं व्हय?" गंगूबाई कडाडली. "चला रं, कारखान्याच्या साहेबालाच गाठू!"

आता मात्र आनंदाचं धाबं दणाणलं. तक्रार गेली तर पोरीची नोकरी जायची, तीही आपल्या तोंडामुळे. त्यानं हात जोडले, चहाचं आधण ठेवलं, पण ऐकतंय कोण! मंडळी निघणार तोच धम्मदीपा स्कूटीवरून उतरली.

"अहो काका, कारखान्याची लाईन वेगळी आहे. गावच्या लाईटशी तिचा काडीचा संबंध नाही. आणि आज तर भट्टी साफसफाईला बंद आहे."

"म्हंजी, कवाच संबंद नव्हता?" आनंदानं विचारलं. पोरगी सुटली म्हणून त्याला हायसं वाटलं, पण इतक्या दिवसांचा तोराही गेला होता. हसावं की रडावं, त्याला कळेना.

"नाही, बाबा. आत्ता वाटेत वायरमन भेटला. डीपी जळलीय, गावचा ट्रान्सफॉर्मर. हैबतकाकांनी गिरणीला नवी मोटार बसवली ना, तिचा लोड झेपला नाही."

सगळ्यांच्या माना हैबतरावांकडे वळल्या. ते क्षणभर वरमले. मग हळूहळू ताठ झाले आणि मिशीला पीळ देत म्हणाले, "माज्या एकट्या मोटारीनं? सबंद गावची लाईट?"

"लई दांडगी मोटार म्हनायची!" गर्दीतून कुणीतरी आदरानं बोललं.

"हायच तशी," हैबतराव म्हणाले.

आनंदाला ते बघवेना. लेकीला बाजूला घेऊन तो कळवळून म्हणाला, "बाय, साहेबाला म्हनावं, यक दिस तरी ती भट्टी गावच्या डीपीवर चालवा!"