पाठीमागची बटणं

कादंबरीतली बाई मेली की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आमच्या कादरमामांचं मात्र मशीन थांबायचं आणि ते विचारायचे, "मेली ते मेली, मास्तरीणबाई. पर अंगात काय व्हतं तिच्या?"

शिरूरच्या पेठेत आमच्या ओट्याला लागूनच मामांचं शिवणाचं दुकान. वाचता येत नव्हतं, पण फ्रेंच कादंबऱ्यांचं भलतं वेड! मी वाचनालयातून भाषांतरं आणायची आणि दुपारी भाजी निवडता निवडता मोठ्यानं वाचायची. प्रेमबीम आलं की म्हणायचे, "ते ऱ्हाऊ द्या, म्होरं चला." झगा आला की कात्री खाली. बघता बघता निम्म्या शिरूरच्या बायका फुग्याच्या बाह्या मिरवायला लागल्या. नगराध्यक्ष आप्पांची छत्री दुरुस्तीला आली, तर या बाबानं तिला झालर लावून दिली! आप्पा तो सगळा उन्हाळा छत्रीवाचून हिंडले.

एका कादंबरीत झग्याची बटणं पाठीमागं होती. दासी ती लावून द्यायची. ते पान मामांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. कपाळ माझं! पुढच्याच लग्नसराईत एका नवरीच्या पोलक्याला पाठीवर मानेपासून खालपर्यंत बटणं.

लग्न झालं आणि तिची सासू कासुर्डीहून एष्टीनं येऊन दुकानात उभी. "रोज सुनंची बटणं लावत बसू व्हय मी? पुढं घ्या ती!"

"न्हाई जमायचं, आक्का."

एरवी गिऱ्हाइकापुढं मान वर न करणारा माणूस! बाई पोलकं काखोटीला मारून तणतणत गेल्या. मी मामांना चांगलंच झापलं, "अहो, धंदा करायचाय की नाही?"

मामा सुईत दोरा ओवायला बसले. तो काही जाईना.

"माझी अमीना दौंडला दिलीय," ते म्हणाले. "सासू वाईट न्हाई तिची. पर लगीन झाल्यापास्नं पोरीच्या पाठीवर कवा हात ठिवला न्हाई. आई तर तिला न्हाईच, आन् मी हितं. म्हटलं, बटणाच्या निमतानं तरी कुना पोरीच्या पाठीला हात लागंल."

मी म्हटलं, "मग अमीनालाच का नाही शिवलंत तसं?"

"तिलाच आधी शिवलं व्हतं. म्हागारी आलं. बटणं पुढं घ्या म्हनून सासूचा निरोप."

"मग?"

"घेतली की. लेकीला घालायला तर पायजे."