पुसल्याशिवाय हात लावू नये

या, बसा. उभ्यानं ऐकणार असाल तरी चालेल, पण मधेच सटकायचं नाही. एका कुलूपवाल्याची गोष्ट सांगतो. लोकांची दारं उघडून देणारा माणूस एका साध्या शब्दापायी स्वतःच्याच घरात कसा कोंडला गेला, ते ऐका. हसायला आलं तर खुशाल हसा. तो आता हसत नाही, म्हणून आपण तरी हसून घ्यावं.

तर हा कुलूपवाला. दुकान हातभर आणि तोंड वावभर. दुकानावर पाटी: ‘आमचं कुलूप चावीशिवाय उघडून दाखवा आणि दुकान घेऊन जा.’ दुकान न्यावं असं त्यात काही नव्हतं, म्हणून कोणी प्रयत्न केला नाही. त्याला वाटायचं, कुलपं पक्की आहेत.

घरी टीव्हीखाली त्यानं एक गेमचा डबा ठेवला होता. घर सोडून चाललेल्या एका गिऱ्हाइकाकडून घेतलेला, जुना. त्यात गेम एकच. पन्नास दरवाजांचा किल्ला, चौकोनी तोंडाचे पहारेकरी, आणि चावी शोधत पळणारा एक टोपीवाला. सहा वर्षं हा माणूस जेवण झालं की त्या टोपीवाल्याला पळवायचा. आणि आता स्वारी एकोणपन्नासाव्या दरवाजाशी उभी होती. तिथपर्यंतची सगळी कमाई त्या डब्याच्या पोटात सेव्ह केलेली. तिला तो ‘साठा’ म्हणायचा. धान्याच्या कोठाराबद्दल बोलावं तसं.

साठ्याला कोणी हात लावू नये म्हणून डब्याभोवती त्यानं लोखंडी पिंजरा बसवला. पिंजऱ्याला तीन कुलपं. आणि वर लाल रंगात पाटी: ‘पुसल्याशिवाय हात लावू नये.’

एवढं करून गप्प बसला असता तर काही झालं नसतं. पण त्यानं गल्लीभर सांगितलं. समोरच्या घड्याळवाल्याला तर रोज.

“एकोणपन्नास?” डोळ्यावरचं भिंग न काढता घड्याळवाला म्हणाला. “तू? अरे, परवा स्वतःच्या शटरचं कुलूप उघडायला तुला सव्वा मिनिट लागलं. मी मोजलंय.”

“ये रविवारी घरी. डोळ्यांदेखत पन्नासावा उघडून दाखवतो.”

“येतो. पाचच्या ठोक्याला. उघडलास तर भर गल्लीत तुला उस्ताद म्हणेन, जन्मभर. नाही उघडलास तर तू मला म्हणायचंस. गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं.”

झालं. इज्जत पणाला लागली. कुलूपवाल्याकडे तेवढी एकच चीज बिनकुलपाची होती.

रविवारी सकाळी मेहुणा उगवला. बायकोचा धाकटा भाऊ. मोबाइलची कव्हरं विकायचा, आणि कव्हर विकतो म्हणजे आतलंही सगळं कळतं असा त्याचा समज. टोप्या विकणाऱ्यानं डोक्याचं ऑपरेशन करायला घ्यावं, त्यातला प्रकार. त्यानं पिंजरा पाहिला, पाटी वाचली, खिशातून रुमाल काढला आणि पिंजरा स्वच्छ पुसला. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही लक्षात ठेवा.

“दाजी, हा डबा उद्या मेला म्हणजे? साठा क्लाउडवर ठेवा. ढगात.”

“ढगाची चावी कोणाकडे?”

“कंपनीकडे.”

“म्हणजे सामान माझं आणि कुलूप त्यांचं? मी काय गिऱ्हाईक आहे का?”

“बरं, मग पेन ड्राइव्हवर तरी एक कॉपी काढून ठेवतो.”

“डुप्लिकेट?” कुलूपवाला उसळला. “डुप्लिकेटमुळंच जगात चोऱ्या होतात, लेका!” दिवसाला वीस डुप्लिकेट चाव्या कापणारा माणूस हे बोलत होता, आणि तोंडावरची रेषही हलली नाही.

“राहिलं. पण आज एक गाठोडं फुकट आहे. बावन्न जुने, क्लासिक गेम, एका झटक्यात डाउनलोड.”

‘फुकट’ या शब्दाला कुठलंच कुलूप टिकत नाही. कुलूपवाला विरघळला. तेवढ्यात त्याला फोन आला. कोणीतरी न्हाणीघरात अडकलं होतं. हत्यारांची पिशवी खांद्याला मारत त्यानं तीन चाव्या बायकोच्या हातात दिल्या. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, त्यामुळे माणसांच्या बोलण्यावर तिचा फारसा विश्वास नव्हता.

“याला उघडून दे. पण पाटी वाचली ना रे?”

“वाचली दाजी. केलंसुद्धा.”

कोपऱ्यातल्या खुर्चीत कुलूपवाल्याची आई उसवलेल्या उशीला टाका घालत होती. तिला ऐकू कमी येतं, असं घरात सगळे धरून चालले होते. तिनं एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं, एकदा मेहुण्याकडे, आणि सुईत दोरा ओवला.

अर्ध्या तासानं फोन वाजला तेव्हा कुलूपवाला एका न्हाणीघराच्या दाराशी गुडघ्यावर बसला होता. आत घरमालक, आंघोळ अर्धवट. फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून धरलेला.

“दाजी, जागा कमी पडतेय. स्क्रीनवर आलंय, आधीचा साठा काढायचा का म्हणून. काय करू?”

“पुस!” कुलूपवाला ओरडला. “आधी पुस! पुसल्याबिगर एक बटण दाबायचं नाही!”

“अहो, पुसू कशानं?” आतून घरमालक कळवळला. “टॉवेल बाहेर राहिलाय!”

“तुम्हाला नाही हो! याला सांगतोय!”

“पुसू ना दाजी? नक्की?”

“किती वेळा सांगू? एकेक गोष्ट पुस! लाज बाळगू नको, सगळं पुस!”

“सगळं?”

“सगळं!” आणि दार उघडलं. पुढचं बोलणं राहून गेलं, कारण घरमालकाला टॉवेल द्यायचा होता.

आता कुलूपवाल्याच्या घरात ‘विचार’ असं कोणी म्हणत नसे. आजोबा ‘पुस’ म्हणायचे, वडील ‘पुस’ म्हणायचे, तोही म्हणायचा. मेहुण्याच्या घरात मात्र पुसायची ती फरशी. म्हणून त्यानं फरशी पुसावी तसा साठा पुसला, कोपरान् कोपरा. डबा म्हणाला, खात्री आहे का? मेहुणा म्हणाला, आहे. डबा पुन्हा म्हणाला, परत मिळणार नाही. यंत्र होतं ते, पण दोनदा पुसलं त्यानं. माणसांनी मात्र ‘पुस म्हणजे काय’ एवढं एकदाही पुसलं नाही.

तीन वाजता कुलूपवाला घरी आला. टीव्हीवर बावन्न रंगीत चौकोन चमकत होते. पहिल्याच चौकोनात त्याचा किल्ला.

“हा तर आपलाच!”

“गाठोड्यात तोही होता, दाजी.”

“मग पुन्हा कशाला आणला?”

“आधीचा पुसला ना.”

कुलूपवाल्यानं बटण दाबलं. किल्ला आला, टोपीवाला आला, आणि खाली अक्षरं आली: दरवाजा पहिला. पहिला! 

“मी तुला काय सांगितलं होतं?” त्याचा आवाज फाटला.

“पुस म्हणालात. चार वेळा. ‘लाज बाळगू नको’ म्हणालात. मी मनात म्हटलं, यात लाज कसली?”

“पुस म्हणजे विचार रे, शहाण्या! मला विचार!”

“मग ‘विचार’ म्हणायला तोंड दुखतं का? ताई, तू सांग. पुस म्हणजे काय?”

बायको म्हणाली, “मला नका मधे घेऊ. त्या पाटीपायी सहा वर्षं रोज सकाळी मी पिंजऱ्याला फडकं मारतेय. मला वाटायचं, यांना धूळ चालत नाही.”

वाद घालता घालता साडेचार झाले होते. घड्याळवाला पाचला येणार म्हणजे पाचला येणार. चार वाजून एकोणसाठलाही नाही. कुलूपवाल्यानं पिंजरा लावला, तिन्ही कुलपं ठोकली आणि चाव्या मोज्यात घातल्या.

“चाव्या हरवल्या म्हणून सांगायचं. कोणी तोंड उघडायचं नाही.”

पाचच्या ठोक्याला घड्याळवाला हजर. खुर्चीत बसला, चहा घेतला, मांडी घातली.

“चल. उघड पन्नासावा.”

“चाव्या हरवल्या रे. पिंजऱ्याच्या.”

घड्याळवाल्याचा चेहरा असा उजळला की दिवा लावायची गरज पडली नसती. “कुलूपवाल्याच्या चाव्या हरवल्या? वा! मग उघड की बिनचावीचं. कुलूप तुझं, हत्यारं तुझी.”

कुलूपवाला उठला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. बिनचावीचं उघडलं तर पाटीप्रमाणे दुकान गेलं. नाही उघडलं तर कसला कुलूपवाला? बसावं की उभं राहावं, हेही त्याला कळेना. तो नुसताच या पायावरून त्या पायावर झाला, आणि मोजा खुळखुळला.

घड्याळवाल्यानं कान टवकारले. “तुझा पाय वाजतोय का रे?”

तेवढ्यात आई उठली. उशी बाजूला ठेवली, कमरेची कापडी थैली काढली आणि पटापटा तिन्ही कुलपं उघडली.

“आई!” कुलूपवाला किंचाळला. “तुझ्याकडे चाव्या कुठून आल्या?”

“करून घेतल्या. सहा वर्षं झाली.”

“कोणाकडून?”

“मंडईजवळच्या त्या दुसऱ्या कुलूपवाल्याकडून. तुझ्याकडं आले असते तर तू छप्पन्न प्रश्न पुसले असतेस. तो काही बोलला नाही. काम मात्र चांगलं आहे हो त्याचं.”

घड्याळवाल्यानं खुर्ची पुढं ओढली. पैज राहू दे, हे जास्त चांगलं चाललं होतं.

आईनं टीव्ही लावला, किल्ला उघडला आणि सुनेला म्हणाली, “माझ्या रक्तदाबाची फाइल आण गं.” फाइलच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं ओळीच ओळी: मासा मासा सूर्य चावी, सूर्य बेडूक चावी चावी. सुनेला इतके दिवस वाटत होतं, डॉक्टरांचं अक्षर आहे.

“एक दार उघडलं की चार चित्रं दाखवतो,” आई म्हणाली. “तीच चित्रं पुन्हा घातली की त्या दारापासून पुढं. हा कधी लिहून घेत नाही. म्हणतो, कागदावर चावी कोण लिहितं? मी लिहिते बाबा. मी म्हातारी आहे.” तिनं चार चित्रं घातली. खाली अक्षरं आली: दरवाजा एकोणपन्नासावा. “घे. तुझा दरवाजा. खेळ.”

कुलूपवाल्याच्या जिवात जीव आला. त्यानं कंट्रोलर घेतला, छाती काढली, घड्याळवाल्याकडे बघून एक भुवई उडवली आणि टोपीवाला पळवला. दोन पावलांत मेला. पुन्हा पळवला. या वेळी एकाच पावलात. तिसऱ्यांदा तर टोपीवाला हललाच नाही. पहारेकरी चालत आले आणि त्याला घेऊन गेले.

“अकरा सेकंद,” घड्याळवाला म्हणाला. “तिन्ही मिळून. अरे, तू इथपर्यंत आलास तरी कसा?”

कुलूपवाल्यालाही हाच प्रश्न पडला होता. तो आईकडे बघायला लागला.

“बघतोस काय?” आई जरा ओशाळली. “बाराव्याला तू दोन महिने अडकला होतास. घरात कोणाशी धड बोलेनास. भरल्या ताटावर तुझं उतरलेलं तोंड मला बघवेना. तू दुकानात, ही दवाखान्यात, घरात मी एकटी. उघडून ठेवला. मग तेराव्याला अडकलास.”

“आणि चौदाव्याला?”

“आता सगळे मोजायला लावू नकोस, पोरा. अकरापर्यंत तुझे आहेत, ते काही कोणी घेत नाही.”

“दर वेळी मी म्हणायचो, काल रात्री कसं जमलं ते आठवतच नाही...”

“हो. आणि मी म्हणायचे, माझा गुणाचा तो.”

मग तिनं कंट्रोलर घेतला. चष्मा पुसला, हे पुसणं म्हणजे खरोखरीचं पुसणं. टोपीवाला असा पळाला की पहारेकरी एकमेकांवर आपटले. एकोणपन्नासावा उघडला. पन्नासावा उघडला. टीव्हीवर फटाके फुटले, आणि आई म्हणाली, “हे फटाके दर वेळी तेच असतात. मला आता कंटाळा आलाय.”

घड्याळवाला उठून उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. “उस्ताद,” तो आईला म्हणाला, अगदी मनापासून. मग कुलूपवाल्याकडे वळला. “आणि तू. गिऱ्हाइकांसमोर. मोठ्यानं.”

तेव्हापासून गल्लीत रोज सकाळी शटर वर जातं आणि एक पडेल आवाज येतो, “रामराम, उस्ताद.” समोरून भिंगातून उत्तर येतं, “रामराम. आणि खऱ्या उस्तादांना माझा नमस्कार सांग.” मेहुण्यानं आईला एक पेन ड्राइव्ह दिला, तो तिच्या थैलीत असतो, डुप्लिकेट चाव्यांशेजारी. ती आता गाठोड्यातला सतरावा गेम खेळते. पिंजरा भंगारात गेला. लाल पाटी मात्र बायकोनं ठेवून घेतली आणि दाराशी पायपुसण्याच्या वर टांगली. तिथं ती शोभते.

कुलूपवाल्यानं किल्ला पहिल्यापासून पुन्हा सुरू केलाय. या वेळी स्वतः, एकट्यानं. आईला शपथ घातलीय, मधे पडायचं नाही म्हणून. आईनं शपथ घेतली, पण त्याचं उतरलेलं तोंड बघून ती किती दिवस टिकेल, सांगता येत नाही.

आता तुम्हाला एकच विनंती. कधी त्या गल्लीत गेलात तर त्याच्या दुकानात जरूर जा. कुलूप घ्या, चावी करून घ्या, पाणी मागा, तो देईल. माणूस मनानं वाईट नाही. पण कितवा दरवाजा चाललाय, एवढं मात्र त्याला पुसू नका.