फरीदाबादची हवा आणि आयरिश बूट

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले रामटेके काका दार उघडायचे तेव्हा त्यांच्या हातांत बूट असायचे. म्हणजे धरलेले नव्हे, पायांत घालतात तसे दोन्ही हातांत घातलेले. त्याच हातांनी ते कडी काढायचे, नमस्कार करायचे आणि बातम्या बघता बघता टीपॉयवर खटखट आपटत बसायचे.

बूट त्यांच्या नातीचे, उत्पलाचे. ती आयरिश नाच शिकते. अंग ताठ, हात सरळ खाली, सगळा कारभार पायांचा. टाचेला आणि पुढे टणक ठोकळे लावलेले तिचे बूट नवे असताना जराही वाकत नाहीत. हातात घालून रोज वाकवले की ते नरम पडतात. माझं ऑफिस घरूनच चालतं. "तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का?" असं बेंगळुरूच्या साहेबांनी फोनवर विचारल्यावर मी तणतणत काकांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, चहा दिला आणि डावा बूट माझ्या हातात घातला. "रीतसर वाकवा. अंगठ्यापाशी नाही, चवड्यापाशी." भांडायला आलेली मी अर्धा तास बूट वाकवत बसले.

काका मूळचे भंडाऱ्याचे, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. 'रीतसर' हा शब्द त्यांनी ऑफिसातून घरी आणला तो कायमचा. वरण रीतसर, औषधं रीतसर, आणि बूट तर विचारूच नका. क्लासहून आल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचे, नाड्या सैल करायच्या, आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवायचे. उन्हात नाही आणि बंद पिशवीत तर नाहीच. मऊ चामड्याचा दुसरा जोड आहे, त्याला रस्त्याची माती दाखवायचीसुद्धा नाही. एकदा उत्पला तो घालून लिफ्टपर्यंत गेली, तर काकांनी तिला उचलून परत आणलं. नात बारा वर्षांची, काकांची कंबर अडुसष्ट वर्षांची. पुढे आठवडाभर शेकायची पिशवी माझ्याकडून नेत होते.

हा कडकपणा एका फजितीतून आला. पहिले बूट घेताना काकांनी तेच केलं जे आपण सगळे करतो, वाढत्या पायाचे घेतले. दोन नंबर मोठे आणि पुढे कापूस. शाळेच्या बुटांना हे चालतं, पण या नाचात बोटं बुटाच्या टोकाला टेकलेली लागतात. पहिल्याच कार्यक्रमात उत्पलाने पाय उंच फेकला आणि बूट पुढच्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवर जाऊन पडला, कापसासकट. पोरगी हसली, रडले ते काका. तेव्हापासून नवा जोड आला की तिचा पाय मांडीवर घेऊन ते एकेक बोट चाचपतात. "बोट मुडपतंय? मग लहान. पुढे चामडं सैल? मग मोठा. परत करा."

एवढं सगळं ठीक होतं. पण बूट राहणार ते काकांच्याच बाल्कनीत, हा हट्ट मला कळत नसे. उत्पला गुरुग्रामला राहते, क्लास दक्षिण दिल्लीत. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पोरीने फरीदाबादला यायचं, रात्री राहायचं आणि शनिवारी आजोबांबरोबर मेट्रोने क्लासला जायचं. का, तर म्हणे, "गुरुग्रामला दिवसभर एसी. चामडं तडकतं. आपल्या फरीदाबादची हवा बिल्कुल बरोबर." फरीदाबादच्या हवेची तारीफ करणारा दुसरा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

गेल्या महिन्यात उत्पलाच्या सोसायटीतच असा क्लास सुरू झाला, दर बुधवारी. त्या रविवारी काकांची मुलगी प्रज्ञा बूट न्यायला आली. मी वाटी परत करायला गेले होते, ती तिथेच अडकले.

"बाबा, आता बूट आमच्याकडेच राहू देत. क्लास खालीच आहे, यार. पोरीची किती धावपळ होते."

काका उठले. त्यांनी बाल्कनीतून दोन्ही जोड आणले, आतले बोळे काढले आणि पुन्हा भरले. फडकं कुठलं, नाड्या कशा, सगळं समजावून सांगितलं.

"आणि आमच्या एसीचं काय करायचं?" प्रज्ञाने हसत विचारलं.

"एसीने काही होत नाही," काका म्हणाले. "चामड्याला काय कळतंय गुरुग्राम आणि फरीदाबाद? बूट न्या तुम्ही. पोरगी तेवढी पाठवत जा."

प्रज्ञा खुर्चीवर बसलीच. "बाबा, मग हे आधी सांगायचं ना."

"असं कसं सांगायचं? कुणाला घरी बोलवायचं तर काहीतरी काम लागतं."

वाटी तिथेच ठेवून मी घरी आले.

पुढच्या शुक्रवारी उत्पला आली, मोकळ्या हातांनी. काका दारात उभे. पुसायचं काही नाही, वाळवायचं काही नाही, दोघांनाही काय करावं कळेना. मग तीच म्हणाली, "आजोबा, भूक लागलीय. काहीतरी बनवा ना." आणि काका जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात गेले.