कॉर्नेटचं वय

"भावोजी, हा कॉर्नेट नक्की किती जुना?" मेहुण्याने, सॅन्टनने, चहात पाव बुडवता बुडवता विचारलं, आणि ज्युलियस मास्तरांच्या घरातली शांतता तिथेच संपली.

दरवर्षी चर्चच्या सणाला संध्याकाळी मास्तरांचं कीर्तन असायचं. खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, मागे पेटी-तबला, आणि आख्यान एखाद्या संताचं नाहीतर बायबलमधलं. ते रंगलं की लोकांना घड्याळाची आठवण राहत नसे. यंदा मात्र आख्यान घरचंच होतं. देवळाला, म्हणजे चर्चलाच, आग लागली तेव्हा मास्तरांच्या आजोबांनी, गॅब्रिएल यांनी, पहाटे कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखा छोटा पितळी बाजा, वाजवून गाव जागं केलं आणि देऊळ वाचलं. शेवटी तोच कॉर्नेट स्वतः फुंकायचा, असं मास्तरांनी ठरवलं होतं. फादरांनी रविवारी मिस्सा संपताना तसं जाहीरही केलं होतं.

"आजोबांचा म्हणजे शंभरीला आला असेल," मास्तर म्हणाले.

"कंपनीचं नाव कुठाय पण?"

नाव नव्हतं. दर सणाला मास्तरांची बायको कार्मिन तो कॉर्नेट चिंच आणि राख लावून काथ्याने घासायची. चाळीस वर्षांच्या घासण्याने त्यावरचं कोरीव काम कधीच सपाट झालं होतं.

"स्वच्छ ठेवला तेही चुकलं का?" कार्मिन आतून म्हणाली.

"चुकलं कोण म्हणतं? पण हा पुरावा तू चिंचेने पुसलास," सॅन्टन म्हणाला. त्याला स्वतःला बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायची सवय, त्यामुळे बोट नेमकं कुठे ठेवायचं ते त्याला ठाऊक. सुरांचा कागद अडकवायची एक छोटी पट्टी वर स्क्रूने बसवलेली होती. ती कधीच कुणी काढली नव्हती. त्याने ती काढली. खाली चिंच पोचलेली नव्हती. बारीक अक्षरात लिहिलं होतं, मेरठ, आणि पुढे सहा आकडे.

"हा नंबर असेल वाद्याचा," मास्तर आशेने म्हणाले.

सॅन्टनने डोळे मिटले. तो पोस्टातून निवृत्त झाला होता. "भावोजी, हा पिनकोड आहे. पिनकोड बहात्तर साली आले. आम्हाला रात्र रात्र पाठ करायला लावले होते."

आजोबा स्वातंत्र्याच्या आधीच गेले होते.

मास्तर खुर्चीत बसले ते उठेचनात. "देवासमोर उभं राहून खोटं सांगायचं? आणि नाही सांगितलं तर सांगायचं काय? सगळ्या गावाला कळलंय."

"दुसरं आख्यान घ्या," कार्मिन म्हणाली. "नोहाचं घ्या."

"नोहा तीनदा झालाय."

शेवटचा उपाय म्हणून मास्तर बर्था आत्यांकडे गेले. आजोबांची ही धाकटी मुलगी नव्वदी ओलांडून बसली होती, आणि तिने ती आग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"बाबा बाजा वाजवायचा?" आत्या हसल्या. "त्याला शीळ नव्हती घालता येत. तो बाजा तुझ्या बापाने तुझ्या बहिनीच्या लग्नात कुना बँडवाल्याकडून जुना घेतला. बाबाने हंडा बडवला, हंडा. पितळेचा. उलथन्याने बडवत गावभर धावला, मग त्याच हंड्याने पानी ओतलं. तुमच्या न्हानीत आहे बघ अजून."

मास्तर धावतच घरी आले. परसात न्हाणीच्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापत होतं, आणि ते पोटात घेऊन काजळीने काळाठिक्कर झालेला, आयुष्यात कधीही न घासलेला हंडा बसला होता. मास्तरांचे डोळे भरून आले. ज्याची चाळीस वर्षं पूजा केली तो उपरा निघाला होता, आणि घरातला खरा साक्षीदार धुरात बसला होता.

"याला हात लावू नकोस," त्यांनी कार्मिनला बजावलं. "ही काजळीच याचा पुरावा आहे."

आणि ते आख्यान नव्याने रचायला बसले.

सणाच्या संध्याकाळी कीर्तन असं रंगलं की मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा गप्प होती. आग आली, आजोबा धावले, पेटीवाल्याने सूर चढवला. "आणि भाविकहो, तोच हा आमच्या घरचा हंडा!" म्हणत मास्तरांनी कापड ओढलं.

हंडा सोन्यासारखा लखलखत होता. आमच्या घरचं भांडं देवळात काळं कसं जाईल, म्हणून कार्मिनने दुपारी तो चष्म्याविनाच चिंचेने घासला होता.

काजळी गेली होती आणि तिच्याखालची अक्षरं वर आली होती. लग्नाकार्यात भांडी उसनी जातात, हरवतात, म्हणून भांड्यावर मालकाचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकून घ्यायची पद्धत होती. पहिल्या रांगेतल्या सॅन्टनने चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचलं, "पीटर इनास. एकोणीसशे नऊ."

"कोण पीटर?" फादरांनी विचारलं.

"आमचे आजोबा," सॅन्टन म्हणाला. "आगीच्या दिवशी विहिरीवरून आमचा हंडा गेला. त्या चोराचं मन पालटावं म्हणून आमची आजी मरेपर्यंत रोज रोझरीची माळ म्हणायची."

चाळीस वर्षं कार्मिन माहेरच्याच हंड्यात सासरचं पाणी तापवत होती. मास्तरांचे आजोबा एका क्षणात वीराचे चोर झाले होते. पण कीर्तनकाराला शेवट करावाच लागतो.

त्यांनी हंडा उचलला, पहिल्या रांगेपर्यंत गेले आणि सॅन्टनच्या मांडीवर ठेवला. "भाविकहो," ते म्हणाले, "त्या माउलीची प्रार्थना आज पावली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. फादरांनी डोळे पुसले. इतका खरा शेवट मास्तरांच्या कीर्तनात आजवर झाला नव्हता, असं सगळे म्हणाले. सॅन्टनने लाजत हंडा स्कूटरला बांधला. तो परत देईल, असं मास्तरांना स्कूटर वळणाआड जाईपर्यंत वाटत होतं.

सकाळी मास्तर पंचा गुंडाळून परसात उभे होते. चूल रिकामी होती. खुंटीवर कॉर्नेट झळाळत होता.

"अहो," कार्मिनने दारातून विचारलं, "यात तापवू का पाणी?"