भिंत चाखणारे नाना

आमच्या समोरचे नाना भिंती चाटतात.

हसू नका, खरं सांगतेय. घराच्या भिंती नाही हो, जुन्या इमारतींच्या. शहरात एखादा जुना दरवाजा, बारव, कचेरी दिसली की नाना स्कूटर स्टँडवर लावणार, टोपी काढणार, भिंतीवर बोट घासणार आणि ते बोट जिभेवर ठेवणार. मग डोळे मिटून उभे. मागं रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून दमतात. डोळे उघडले की निकाल. "गूळ हाय, हिरडा हाय. अस्सल चुना!" नाहीतर थू करून, "सिमेंट फासलं बेवकूफांनी!"

मी एकदा म्हटलं, "नाना, त्या भिंतीपाशी लोक काय काय करतात, ठाऊक आहे ना?"

"ते खालच्या बाजूला, वहिनी. मी वरची चाखतो. जबान खोटं बोलत नाय."

हे त्यांचं पालुपद. नाना मूळचे दौलताबादचे. सगळी नोकरी सरकारी बांधकामावर मुकादम म्हणून केली. चुना मळायच्या घाणीवर वाढलेला माणूस, त्यामुळं सिमेंटचा राग असा की पुंडलिकनगरातल्या स्वतःच्या घरालाही "हा डबा" म्हणतात. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मालतीवहिनी गेल्या. मुलगी पुण्याला. तेव्हापासून दुपारी आमच्याकडून एक वाटी आमटी नानांकडं जाते.

सुरुवातीला त्या आमटीनं माझा जीव खाल्ला. वाटी परत करायला आले की नाना दारातूनच सुरू, "वहिनी, चिंच लई झाली आज." "फोडणी करपली, व्हय?" चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय मी! पण पुढं वर्षभरानं ते एकदम बंद झालं. काहीही पाठवा, "फक्कड!" एकदा तर मीठच घालायचं विसरले, तरी फक्कड. मी यांना म्हटलं, "बघा, उशिरा का होईना, माणूस सुधारला. शिका काहीतरी." हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मीठ नव्हतं, ते मीच सांगितलं होतं."

तर त्या जुन्या दवाखान्याची गोष्ट. गुलमंडीच्या मागं निजामाच्या वेळचा दगडी दवाखाना आहे, कमानींचा. आमच्या पिढीच्या पोरांचे डोस, टाके, इंजेक्शनं सगळं तिथंच झालेलं. तो पाडून गाड्या लावायला जागा करायची, असं ठरत होतं. नाना मोर्चाबिर्चातले नाहीत. त्यांनी एका पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'ज्याला ज्याला इथं सुई टोचली, त्यानं रविवारी येऊन उभं राहावं.' रविवारी रांग पार चौकापर्यंत! टक्कल पडलेले, काठी टेकणारे, नातवंडं घेतलेले. एक आजोबा तर सदऱ्याची बाही वर करून दंडावरचा देवी टोचल्याचा वण पाहणीला आलेल्या साहेबांना दाखवत होते, जणू सातबाराच. पाडायचं रद्द झालं. दुरुस्ती करायची ठरली, आणि तीही चुन्यात.

मग काय, नानांच्या अंगात आलं. दारोदार फिरून चुन्यात घालायला हिरडा, गूळ, बेलफळं गोळा केली. हिरडा आणि गूळ भिजवायचं पिंप आमच्या पोर्चमध्ये. का, तर म्हणे त्यांच्या पोर्चमध्ये ऊन येतं. एप्रिलचे दिवस. आमचे हे बाहेरून तापून आले, तपकिरी पाणी बघितलं, पन्हं समजले आणि दोन ग्लास रिचवले. पुढं मी काय सांगू? हिरडा तो हिरडाच. संध्याकाळपर्यंत हे मोरीपलीकडच्या संडासातून बाहेर आले नाहीत.

नाना दाराबाहेरून धीर देत होते, "साहेब, भिंतीचं औषध प्यायलात. आता तीनशे वर्षं कुठं जात नाय तुम्ही."

आतून आवाज आला, "नाना, मी इथून तरी कुठं जातोय!"

मीही तेव्हा ते पाणी बोटाला लावून चाखून बघितलं, नवऱ्यानं काय ढोसलं ते कळावं म्हणून. आधी गोड, मग जीभ ओढून धरणारं तुरट. ती चव काही विसरण्यातली नव्हे.

काम छान चाललं. उस्ताद म्हणून एक जुने गवंडी होते, चुन्यातले दर्दी. नाना रोज घाणीवर हजर. नव्या गिलाव्याचा हात चाखायचे आणि "चालू द्या" म्हणायचे. इंजिनीअरबाई तरुण पोर, पण तिलाही नानांच्या जिभेचा भरवसा. उद्घाटनाच्या आधी दोन दिवस उस्ताद भाचीच्या लग्नाला जालन्याला गेले. परत येतात तो मागच्या व्हरांड्याचा कोपरा पूर्ण झालेला. ठेकेदारानं दुसरी माणसं लावून उरकून टाकला होता. वरून चुन्याचा पांढरा हात, दिसायला सगळं सारखं.

इंजिनीअरबाई म्हणाल्या, "मला शंका येतेय. पण नुसत्या शंकेवर तयार काम फोडता येत नाही. तपासायला नमुना पाठवला तर आठ दिवस जातील, आणि कार्यक्रम उद्या आहे. नाना, तुम्ही सांगा."

मी तिथंच होते, रांगोळीची जागा बघायला गेले होते. नानांनी बोट घासलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. एरवी डोळे उघडले की निकाल. त्या दिवशी डोळे उघडले तरी उभेच. ठेकेदार घड्याळ बघायला लागला.

"च्या पिऊन येतो," म्हणाले नाना, आणि मला खुणेनं कमानीमागं बोलावलं.

"वहिनी, जरा चाखता का?"

"मी? भिंत?"

"मला चव लागत नाय." नाना टोपीशी खेळत होते. "मालती गेली, त्याच्या पुढच्या साली ताप आला ना मला? तवापासनं. गोड नाय, तिखट नाय, काहीच नाय."

"आणि इतके दिवस रोज चाखत होतात ते?"

"उस्तादचा हात हाय, बिघडणार नाय, हे ठाऊक होतं. ह्या कोपऱ्याला उस्ताद नव्हता." मग हळूच म्हणाले, "कळलं तर मला कोण बोलवणार, वहिनी? एवढंच तर येतं मला. पण आत सिमेंट असलं, तर ओल कोंडून दगड सडंल. मग खोटं कसं बोलू?"

माझ्या डोक्यात तेव्हा दवाखाना नव्हताच. बिनमिठाची आमटी होती. फक्कड म्हणून चाटूनपुसून परत आलेली वाटी होती.

मी पदर खोचला. इकडंतिकडं बघितलं. उस्तादच्या जुन्या कामावर बोट घासून जिभेला लावलं. अगदी अंधूक, पण जीभ ओढली. तुरट. मग कोपऱ्यात गेले. वरचा हात एके ठिकाणी नखाएवढा उडाला होता, तिथं बोट घातलं. नुसती राख. ना गोड, ना तुरट.

"नाही हो नाना. काहीच नाही यात."

"नक्की?"

"आमच्या ह्यांच्या पोटाची शपथ."

नाना ताठ चालत गेले. "सिमेंट हाय. काढा."

ठेकेदार तापला, "ओ काका, जिभेवर काम तोडायचं का?" उस्तादनं छिन्नी घेतली आणि एक कपचा उडवला. आत करडं सिमेंट.

"या अल्ला, क्या जबान है!" उस्ताद म्हणाले. नाना माझ्याकडं बघेनात.

दुसऱ्या दिवशी सोहळा दणक्यात झाला. सुई टोचलेले सगळे आले होते. मागचा कोपरा उघडा, नुसता दगड. बाईंनी तो झाकू दिला नाही. नानांना शाल मिळाली, टाळ्या पडल्या. चार शब्द बोला म्हटलं, तर म्हणाले, "कोपरा उस्ताद करंल," आणि खाली उतरले. त्यांच्या जिभेबद्दल मी आजवर कुणाला बोलले नव्हते. आता लिहायच्या आधी त्यांना विचारलं, तर म्हणाले, "लिहा. कोपरा झाला आता."

सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाटी नेली, पण ठेवून परत फिरले नाही. त्यांच्या समोर बसले. नाना भात कालवत होते.

"मीठ बेताचं आहे," मी म्हटलं. "गूळ जरा पुढं आलाय. कढीपत्ता ताजा, गच्चीवरचा. चिंच नवी आहे, दातांना किंचित लागते."

नानांनी घास घेतला आणि डोळे मिटले, भिंतीपाशी मिटतात तसे. बराच वेळ चावत राहिले.

"म्हंजे चिंच लई झाली आज, वहिनी," ते म्हणाले.

दोन वर्षांनी कुणीतरी माझ्या आमटीला नाव ठेवलं. मी पदरानं डोळे पुसले आणि त्यांना आणखी भात वाढला.