उसनी धार

साताऱ्यातल्या आमच्या आळीत रोज सकाळी आठच्या ठोक्याला चट्‌चट् असा आवाज सुरू होतो. नवख्याला वाटतं, कुणीतरी कुणालातरी पट्ट्यानं बडवतंय. प्रत्यक्षात शेजारचे हणमंतनाना वस्तरा परजत असतात. पलटणीतून आणलेला कातडी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवायचा, त्यावर वस्तरा उलटासुलटा पन्नासदा फिरवायचा आणि तेवढ्या वेळात रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाची हनुवटी तपासायची. हवालदारकीतून निवृत्त होऊन जमाना झाला, पण आळी म्हणजे आपली कंपनी आहे, हा समज काही जात नाही.

"उसन्यावर केलीस व्हय रं?" हा त्यांचा मला रामराम.

उसनी धार म्हणजे पात्याची, कारखान्यातून आलेली धार. अर्धं पातं मोडायचं, मुठीत बसवायचं, दाढी झाली की फेकून द्यायचं, असली हजामत करणारा माणूस नानांच्या लेखी पुरुषात जमा नाही. मी बँकेतला निवृत्त कारकून. सलूनवाल्या संदीपपुढं मान टाकून बसणारा. त्यामुळं माझा निकाल केव्हाच लागलेला.

एकदा तर मी फेसात असताना नाना सलूनमध्ये शिरले. संदीप रिवाजाप्रमाणं नवं पातं माझ्या डोळ्यांसमोर मोडून दाखवत होता. नानांनी त्याच्या हातातली मूठ काढून घेतली.

"ह्याला वस्तरा म्हंतोस? चिमटा हाय ह्यो."

"आवं नाना, गिऱ्हाईक पातं नवं हाय का बघतं."

"आन् तोंड कोन बघतं?"

मग पोलाद, धार लावायची पथरी, कातडं यावर पाऊण तास व्याख्यान झालं. माझ्या गालावरचा फेस वाळून पापुद्रे पडायला लागले. नानांना त्याचं काही नव्हतं.

आणि गंमत अशी, की ज्या धारेच्या जोरावर हा सगळा तोरा, ती यांची नव्हतीच. धार लावायच्या त्यांच्या बायको, आमच्या काकू. त्यांचं माहेर कराडकडचं, ऊसवाल्यांचं. तिथं लहानपणापासून कोयत्यांना धार लावून हात बसलेला. दर रविवारी त्या अंगणात पथरी ओली करून बसत आणि हे खुर्चीत बसून हुकूम सोडत, "हळू. कोयता न्हवं त्यो." काकू ऐकल्यासारखं करत नसत. शेवटी स्वतःच्या डोक्यातला एक केस उपटायच्या, चिमटीत धरून पात्याला टेकवायच्या. केस तुटून पडला की "घ्या" म्हणून वस्तरा पुढं करायच्या. सोमवारी नाना तीच धार मिरवत आळीभर आमची अब्रू काढायचे. जन्मात एकदा यांनी पथरीला हात लावला असेल तर शपथ.

गेल्या वर्षी काकू गेल्या. तेरा दिवस खिडकी बंद होती. चौदाव्या दिवशी आठ वाजता चट्‌चट् सुरू, आणि मी दिसताच, "उसन्यावर केलीस व्हय रं?" मला मनापासून राग आला. बाई जाऊन दोन आठवडे झाले नाहीत आणि या माणसाला माझ्या हनुवटीची पडलीय.

वर्षभर हे ऐकून शेवटी त्यांचं तोंड बंद करावं म्हणून मी स्वतःच एक वस्तरा घेतला. दिसायला थेट नानांच्या वस्तऱ्यासारखा, आत मात्र पातं. पहिल्याच दिवशी कानाखाली चरा पडला आणि नानांनी तो लांबून ओळखला. पण देव असतो. पाती संपली म्हणून दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणाला, "तुमच्या शेजारचं नाना बी हीच नेत्यात. वरीस झालं की."

मला इतका आनंद बढतीच्या वेळीही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी साडेसातलाच, पात्याचं पाकीट खिशात घालून मी न विचारता त्यांच्या अंगणात शिरलो. नाना आरशापुढं उभे होते. एका गालाला फेस, हातात पात्याचा वस्तरा. जुना वस्तरा फळीवर, फडक्यात गुंडाळलेला.

"काय नाना, उसन्यावर?"

त्यांनी लपवलं नाही. आरशातूनच माझ्याकडं पाहिलं.

"त्याच्यावर तिनं लावल्याली शेवटची धार हाय," ते म्हणाले. "दाढी कराया लागलो तर दोन म्हयन्यात संपंल. मला कुठं लावाया येती? कवा शिकलोच न्हाई."

"मग रोज पट्ट्यावर कशाला?"

"पट्ट्यानं धार जात न्हाई. नुसता आवाज व्हतो." त्यांनी गालावरचा फेस उगाच पुसला. "त्यो आवाज आला की ती आत चा टाकायची."

खिशातलं पाकीट मला जड झालं. मला माझी लाज वाटली. ते काढून फळीवर ठेवलं आणि घरी आलो.

आठ वाजता खिडकीत चट्‌चट् सुरू झालं. मी दारात येऊन उभा राहिलो. संदीप सलून उघडायला निघाला होता, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं नाना गरजले, "उसन्यावर केलीस व्हय रं?"

त्यांच्या हनुवटीखाली ताजा चरा होता.

"व्हय नाना," मी म्हणालो. "चा टाकलाय. या."