हवालदार शेंडगे, परीक्षार्थी क्रमांक आठ

शेंडगेमामा कुठलंही चित्र बघायचं झालं की त्याच्याकडे तोंड करून उलटे चालत जात. मोजून तीस पावलं. आमच्या वर्गाची खोली बारा पावलांत संपायची, म्हणून ते चित्र दारासमोरच्या भिंतीला टाचायला लावत आणि उरलेली अठरा पावलं दारातून, व्हरांड्यातून, पायऱ्या उतरून अंगणात पुरी करत. मागे वळून बघणं नाही. दोन वर्षांत ते एकदा सायकलींच्या रांगेवर, एकदा पाण्याच्या पिंपावर आणि एकदा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंवर जाऊन आदळले. बाईंना त्यांनी कडक सलाम ठोकला, "माफ करा बाई, येकूनतीस झाली हुती," म्हणाले आणि तिसावं पाऊल टाकलंच.

तिथून ओरडायचे, "दिसंना!" नाहीतर, "हाय, हाय! दिसतंय!"

यापेक्षा लांब टीका त्यांनी कुणाच्याही कामावर केली नाही. "जवळनं समदं चांगलंच दिसतंय," म्हणायचे. "पर गिऱ्हाईक लांबनं येतंय न्हवं?"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत एका कन्याशाळेच्या चित्रकलेच्या खोलीत शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी उपयोजित कलेचा अर्धवेळ वर्ग भरायचा. नोकरीधंदा सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तो होता. दोन वर्षं अक्षरलेखन, लेबलं, पोस्टर, पुस्तकांची वेष्टनं असं सगळं शिकायचं, शेवटी परीक्षा आणि मग प्रमाणपत्र. आता याला ग्राफिक डिझाइन म्हणतात. तेव्हा आमच्या शेजारच्या काकू "डॉक्टरांची मुलगी बोर्ड रंगवायला जाते" म्हणायच्या.

मी पाचगणीला इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात वाढले. सांगलीला परत आले ती वडिलांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला. वर्गाला जायची परवानगी वडिलांनी एका अटीवर दिली होती. प्रमाणपत्र मिळालं तर पुढचं मी ठरवायचं. नाही मिळालं तर दवाखाना होताच. पेठेतल्या एका छापखान्याच्या मालकांनी मला लेबलांच्या कामाला घ्यायचं कबूल केलं होतं, पण त्यांनाही तो कागद हवा होता. म्हणजे माझं सगळं त्या एका कागदावर येऊन थांबलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पहिले तीन महिने मी वर्गात "हो सर" आणि "नाही सर" याखेरीज काही बोललेच नाही.

शेंडगेमामा पहिल्या दिवशी दारात ताठ उभे राहून "आत येऊ का साहेब?" म्हणाले, तेव्हा आमच्या जोगळेकर सरांना वाटलं, फळ्याला काळा रंग द्यायला कुणीतरी आलंय. सर सव्वीस वर्षांचे, मामा पन्नाशीचे. पांढऱ्या मिशा, चकचकीत बूट, हातात खाकी पिशवी. पिशवीतून त्यांनी स्वतःचे ब्रश, हाताला टेकू द्यायची काठी आणि खडू लावलेली दोरी काढली आणि पहिल्या बाकावर बसले.

ते मूळचे दहिवडीकडचे, माणातले. घरची मेंढरं. लष्करात हवालदार असताना खोक्यांवर नंबर घालायचं आणि पलटणीच्या पाट्या रंगवायचं काम केलं. निवृत्त होऊन गावी आले, तर दुष्काळात मेंढरं विकावी लागली. मग सांगलीत खोली घेऊन हळदीच्या व्यापाऱ्यांच्या पाट्या आणि ट्रकच्या मागची फळकुटं रंगवायला लागले. बायको गावी, मुलगा मुंबईला. वर्गाला का येता असं सरांनी विचारलं, तर म्हणाले, "पंचवीस वर्सं अक्षरं काढतोय साहेब. बराबर काढतोय का, ह्ये कुनी सांगितलंच न्हाई."

वर्गातल्या प्रत्येकाला ते गावाच्या नावानं हाक मारत. विटा, पाटण, तासगाव. मी पाचगणी.

"आवं पाचगणी," माझा पहिला देवनागरी कागद बघून ते म्हणाले, "ह्यो 'क' उपाशी हाय."

मी कागद जवळ घेऊन बघितला.

"बघा की त्याचं प्वाट. खपाटीला गेलंय. जेवू घाला त्याला जरा."

माझी इंग्रजी अक्षरं सुबक होती, पण मराठी अक्षरं वाळत घातलेल्या कपड्यांसारखी रेघेवर लोंबायची. मामांनी माझ्या प्रत्येक अक्षराची तब्येत तपासली. 'भ'ला मान नव्हती. 'ळ'ला चक्कर आली होती. 'श्र' तर इस्पितळात टाकायच्या लायकीचा होता. सहा महिने दर रविवारी वर्ग संपल्यावर ते माझ्याकडून एकच बाराखडी काढून घेत आणि मी निमूट काढत असे. एका रविवारी ते तीस पावलं गेले, थांबले आणि अंगणातून म्हणाले, "जेवलाय! 'क' जेवलाय!" कन्याशाळेच्या शिपायानं डबा खाता खाता वर बघितलं. मी हसले. वर्गात मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

दुसऱ्या वर्षी सरांनी बोधचिन्ह शिकवायला घेतलं. बोधचिन्ह म्हणजे काय, ते सोपं का हवं, लांबून का ओळखू यावं, असं सर अर्धा तास पुस्तकातून सांगत होते. मामा हात वर करून उभे राहिले.

"साहेब, आमचा बा ह्येच करत हुता."

"काय करत होते?"

"आमच्या मेंढरांच्या पाठीवर गेरूच्या दोन पट्ट्या. चुलत्याच्या मेंढरांवर येक ठिपका. चार कळप पान्यावर येकत्र आलं की कुठलं कुनाचं? टेकडीवरनं कळाय पायजे. मेंढरू वलं हुतंय, धुळीत लोळतंय, लोकर वाढती. तरी कळाय पायजे. बारीक नक्षी करून काय कामाची?"

सरांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मेंढरांसाठी चिन्हं काढली आणि मामांनी ती अंगणातून तपासली. पाटणचं मेंढरू तेवढं हरवलं.

मग मंडळी गळायला लागली. एकाला साखर कारखान्यात नोकरी लागली. विट्याचा मुलगा काकांच्या सोनं गाळायच्या दुकानात मद्रासला गेला. जाताना "तिकडं बोर्ड मीच रंगवनार" म्हणून मामांचा एक ब्रश घेऊन गेला. दहाचे आम्ही आठ उरलो. तेव्हाच सरांनी सांगितलं की परीक्षेचं केंद्र सांगलीला मिळायचं तर आठ अर्ज लागतील. एक जरी कमी पडला तर सगळ्यांनी पुण्याला जाऊन परीक्षा द्यायची.

पुण्याला चार दिवस राहायचं होतं. वडील काय म्हणतील, हे मला विचारायचीही गरज नव्हती.

सात हात वर झाले. सगळे मामांकडे बघायला लागले.

"परीक्षा? मला?" मामा हसले. आणखी कुणी हसत नाही म्हटल्यावर थांबले. "मी चौथी शिकल्याला मानूस. मला कागुद नगो साहेब, मी आपला बघाय येतोय."

"मामा, एक अर्ज भरायचाय फक्त," पाटण म्हणाला.

"फकस्त म्हनं!" मामांनी अर्ज घेतला, चार घड्या करून खिशात घातला आणि निघून गेले. पुढच्या शनिवारी आले नाहीत. रविवारी नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाहीत. सोमवारी अर्जाची मुदत संपत होती.

रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेले. वाटेत मराठी वाक्य तीनदा घोकलं: मामा, तुम्ही अर्ज भरला नाहीत तर माझं सगळं अडेल. दार उघडंच होतं. मामा जमिनीवर पालथे पडले होते, पुढ्यात फळी, फळीवर अर्ज, हातात सगळ्यात बारीक ब्रश. अर्जाच्या प्रत्येक रकान्यावर खडूची दोरी मारलेली.

"बोलू नगा, पाचगणी," ते मान न वळवता म्हणाले. "वडलांचं नाव चाललंय."

मी उंबऱ्यात बसले. वडिलांचं नाव पुरं व्हायला पाऊण तास लागला. मी दोन आठवडे घाबरून मरत होते आणि मामा दोन आठवडे अर्ज भरत होते! मामांना भराभर लिहिताच येत नसे. त्यांना अक्षरं काढता येत. आधी शिरोरेघ, मग उभे दांडे, मग पोटं, मग वाळायला थांबायचं. इतका देखणा अर्ज त्या परीक्षा मंडळानं त्याआधी बघितला नसेल.

"मामा," मी म्हटलं, "लेखी पेपर तीन तासांचा असतो." माझं घोकलेलं वाक्य हे नव्हतं.

"ठावं हाय," मामा म्हणाले आणि फुंकर मारून शाई वाळवायला लागले.

परीक्षेला दीड महिना होता. आता शिकवायची पाळी माझी होती. मी त्यांना प्रश्न वाचून दाखवायची, ते उत्तरं तोंडी सांगायचे, सगळी बरोबर. रंगचक्र, छपाईचे प्रकार, मोकळ्या जागेचं महत्त्व. मग मी वडिलांचं घड्याळ पुढे ठेवून म्हणायची, "आता लिहा." आणि पाच मिनिटांत एक 'र' उभा राहायचा.

"मामा, शिरोरेघ देऊ नका. चालतं."

"रेघंबिगर अक्षार? म्हंजी टोपीबिगर जवान परेडला उभा करायचा?"

"वेळ जातो हो!"

"आवाज वाढला बरं का तुमचा," मामा म्हणाले. खरंच वाढला होता.

लेखी पेपरच्या दिवशी ते माझ्या पुढच्याच बाकावर होते. पांढरा सदरा, छातीवर लष्करातली फीत लावलेली. तीन तास त्यांची मान वर झाली नाही. मला वाटलं, जमलं. घंटा झाली, पर्यवेक्षक कागद गोळा करत आले आणि मामांच्या बाकापाशी थबकले.

"एवढंच?"

"व्हय साहेब."

"पाच प्रश्न होते, हवालदार."

"येकाचं झालं. दुसऱ्याच्या मथळ्याला रंग भरायचा ऱ्हायला." मग जरा थांबून म्हणाले, "पर त्यात चूक काढून दावा."

पर्यवेक्षकांनी तो कागद लांब धरून बघितला आणि बाकीच्यांच्या खाली न घालता वर ठेवला.

निकाल पावसाळ्यात लागला. सात पास, एक नापास. प्रात्यक्षिकात मामांना केंद्रात सगळ्यात जास्त गुण होते आणि लेखीत पास व्हायला लागतात त्याच्या जवळपासही नव्हते. सर म्हणाले, परीक्षकांनी मामांचं ते पान ठेवून घेऊ का, असं विचारलंय.

माझ्या हातात प्रमाणपत्र आलं. छापखान्याच्या मालकांनी ते बघितलंही नाही नीट. "एक तारखेपासून या" म्हणाले. वडिलांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि "बरं" म्हणाले. आमच्याकडे बरं म्हणजे पुष्कळ.

पेढे घेऊन मी मामांच्या खोलीवर गेले. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं आणि दारात येताच नेहमीसारखं विसरले. मामा एका ट्रकचं फळकूट रंगवत होते. हात रंगाचे, म्हणून प्रमाणपत्राला त्यांनी बोट लावलं नाही. मला तोंडासमोर धरायला लावलं आणि माझं नाव मोठ्यांदा वाचलं, वडिलांच्या नावासकट.

"आता येक काम करा," म्हणाले. "त्या कोनाड्यात कार्ड हाय. घरी खुशाली लिवायची ऱ्हायलीया. माझ्या हातानं लिवायचं तर दसरा हुईल."

मी जमिनीवर बसून कार्ड मांडीवर घेतलं. मामा रंग ढवळत सांगायला लागले.

"सौभाग्यवती हिराबाईस आशीर्वाद. मी खुशाल हाय. तिकडं पाऊस कसा हाय ते कळव. आमचा निकाल लागला. समदी सात पोरं पास झाली."

मी लिहिलं. मामा पुढचं वाक्य शोधत होते.

"आणि तुमचा निकाल?"

"त्यो नगा घालू. तिला वाचता येत न्हाई, पोस्टमन पारावर बसून वाचून दावतोय. समदं गाव ऐकतंय."

"मामा, पेपर पुरा होणार नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"आवं, फारम भराय मला पंधरा दिस लागलं. तीन तासांत काय हुतंय, ह्ये न कळाय मी खुळा हाय व्हय?"

"मग बसलात कशाला? सगळ्यांच्या देखत..."

"आठ लागत हुतं," मामा म्हणाले. जसं काही मीच ते विसरले होते. "लिवा फुडं."

मी कार्ड मांडीवर सरळ केलं. मामा फळकुटाकडे तोंड करून बसले होते. मग त्यांनीच सांगितलं, सुट्टीला गावी गेलं की दोघांना एकमेकांशी बोलायला फारसं काही नसतं. तिकडं ती एकटी, इकडं हे एकटे. मुलाचं पत्र आलं तर आलं. मग हे तिला वर्गातलंच सांगत बसतात. कोण काय काढतं, कोण कुणाला काय म्हणालं. तिला सगळी पोरं ठाऊक आहेत.

"तुमचं तर दर खेपंला इचारती. त्या पाचगणीच्या पोरीला तोंड फुटलं का म्हनती. तिला घोर लागल्याला आसतोय तुमचा." त्यांनी ब्रश पुसला. "तेवढं लिवा शेवटाला. पोरगी बोलती आता."

मी लिहिलं: पाचगणीची मुलगी आता बोलते.

मामांनी वाकून बघितलं, ओठ हलवत वाचलं.

"मुलगी नगा लिवू," म्हणाले. "तिला वाटंल, दुसरीच कोन तरी हाय."

मी 'मुलगी' खोडून 'पोरगी' लिहिलं आणि कार्ड टाकायला पोस्टात गेले.